रा. रा. उलट्या दिशेचे स्वार यांस

प्रति,
रा. रा. उलट्या दिशेचे स्वार,
राखाडी मोपेडवाले,
सिंहगड रस्ता, पुणे.

विषय : आपण दिलेल्या फ्रॅक्चरची पोच.

महोदय,

मी शाळेत मराठी शिकवते. औपचारिक पत्रात विषयाची ओळ राहिली तर मी गुण कापते, म्हणून ती आधी लिहून टाकली. पत्ता अपुरा आहे, पण तो दोष माझा नाही. तो सांगण्याइतकं तुम्ही थांबला नाहीत. छापून आलेलं पत्र कधी ना कधी न्हाव्याच्या दुकानात नाहीतर दवाखान्याच्या बाकावर तुमच्या हाती पडेल, या भरवशावर लिहिते आहे. दवाखान्याचीच शक्यता जास्त.

तुम्हाला प्रसंग आठवत नसणार. रोज किती जण समोर येत असतील! तर संदर्भासाठी : पावसाची एक सर नुकतीच येऊन गेलेली, आमची शाळा सुटून थोडा वेळ झालेला, आणि तुम्ही दुभाजकाच्या फटीतून घुसून माझ्या बाजूच्या रस्त्याने, कडेकडेने, माझ्याच दिशेने येत होतात. पुढचा यू-टर्न तिथून डोळ्यांना दिसतो. पण तिथपर्यंत जायचं, सिग्नलला थांबायचं, वळायचं आणि पुन्हा मागे यायचं, एवढा वेळ तुमच्यासारख्या कामाच्या माणसाकडे कुठला! उभ्या टेम्पोच्या आडून तुम्ही बाहेर आलात, मी ब्रेक दाबला आणि गाडी घसरली. तुम्हाला काही झालं नाही. तुमचं हेल्मेटही सुखरूप राहिलं. ते डाव्या कोपरात अडकवलेलं होतं, त्यामुळे निदान कोपराला तरी धोका नव्हता. तुम्ही एक पाय टेकवलात, मागे वळून बघितलंत आणि म्हणालात, "काकू, बघून चालवा की!" मग गेलात.

'काकू'चं मी मनावर घेतलेलं नाही. सल्ल्याबद्दल मात्र आभार मानायला हवेत. बघून चालवत होते म्हणूनच तुम्ही दिसलात. न बघता चालवलं असतं तर आपली ओळख अजून जवळून झाली असती.

आता मुद्द्याचं. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, असं सरकारी आकडेवारी सांगते. त्यांतली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. जखमी झाली ४,४३,३६६. मेलेल्यांची निदान बातमी होते, फोटो येतो, 'पश्चात' कोण कोण आहे ते येतं. जखमींच्या वाट्याला शेवटचं वाक्य येतं : अन्य काही जण किरकोळ जखमी झाले. मी त्या वाक्यात राहते. त्या वाक्याच्या पुढे काय असतं ते तुम्हाला कळवावं, म्हणून हा पत्रप्रपंच. यात तुमचाही फायदा आहे. उलट्या दिशेने जाणाऱ्याला समोरून येणारा प्रत्येक जण भेटतच असतो, तेव्हा आज ना उद्या तुम्हीही पडाल. हे पान कापून डिकीत ठेवा.

पडल्यावर पहिल्यांदा काय होतं? लोक उचलतात. आपल्याकडे पडलेल्या माणसाला दोन्ही बगलांत हात घालून उभं केल्याशिवाय कुणालाही चैन पडत नाही. पाठोपाठ पाण्याची बाटली येते. दोन्ही गोष्टी मायेने होतात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. मानेला किंवा पाठीला मार असेल तर ओढून उठवण्यात मूळ अपघातापेक्षा मोठं नुकसान होऊ शकतं. आणि भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. माझं नशीब असं, की एक कॉलेजचा मुलगा तिथे उभा होता. त्याने सगळ्यांना हाताने मागे सारलं, आधी "मान दुखतेय का? पायाची बोटं हलतायत का?" असं विचारलं आणि मगच मला कडेला बसवलं. उजवं मनगट तोवर भलत्याच दिशेला वाकलेलं दिसत होतं. मुलाने सॅकमधून प्रॅक्टिकलचं जर्नल काढलं, माझा हात आहे त्या अवस्थेत त्यावर ठेवला, सरळ करायचा प्रयत्न अजिबात केला नाही, आणि माझ्याच तोंडाचा स्कार्फ सोडून जर्नलसकट हात बांधून गळ्यात अडकवला. बाजूच्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "बाई, अंगठी काढा आधी. बोट सुजलं की कापावी लागेल." भाजीवर मारायच्या पाण्याने बोट ओलं करून त्यांनी ती फिरवत फिरवत काढली, बांगडीही काढली, आणि माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकून चेन लावली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत बोट इतकं सुजलं होतं, की अंगठी खरोखरच कापावी लागली असती. एवढं सगळं व्हायला जितका वेळ लागला, तेवढ्यात तुम्ही यू-टर्न घेऊन परत आला असतात.

हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं. तुम्हाला हसू येईल, ठाऊक आहे. २०१९ च्या जानेवारीत पोलिसांनी हेल्मेटसक्ती सुरू केली, तेव्हा याच शहरातले लोक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. आपल्या शहराचं डोक्यावर प्रेम आहे, फक्त ते झाकायचं नसतं. माझ्या हेल्मेटच्या उजव्या बाजूला एक लांब चरा पडला आणि आतला थर्माकोल एका जागी दबला. त्या थर्माकोलचं काम एकदाच दबायचं असतं. दबला, की त्या जागी त्याच्यात पुन्हा मार झेलायची ताकद राहत नाही. दिसायला ठणठणीत हेल्मेटही त्यामुळे अपघातानंतर फेकूनच द्यायचं असतं. तुम्ही तुमचं कोपरात वापरता, तेव्हा ते बरीच वर्षं टिकेल. तरी एक सांगून ठेवते : डोक्याला मार लागल्यावर माणूस नीट बोलतोय म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं. नंतर वारंवार उलटी झाली, डोकं उत्तरोत्तर जास्त दुखू लागलं, गुंगी आली, बोलणं असंबद्ध झालं, किंवा कानानाकातून पाणी अथवा रक्त आलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं.

मग ड्रेसिंग. मला वाटत होतं, हाड मोडलंय म्हणजे तेच जास्त दुखेल. तुमच्या कृपेने ज्ञानात भर पडली. कोपरापासून पुढे वीतभर सालपट निघालं होतं, गुडघ्याला तसंच. आणि त्यात रस्त्यावरची बारीक खडी, डांबराचा काळा चुरा आणि पावसाचा चिखल रुतून बसला होता. सिस्टरबाईंनी आधी भरपूर पाण्याने धुतलं. मग गॉजच्या बोळ्याने चोळायला घेतलं. हळूच पुसून सोडा, अशी मी विनवणी केली. त्या म्हणाल्या, "आत्ता सोडलं तर खडे आत राहतील, वरून कातडी येईल आणि जन्मभर निळं गोंदण दिसेल. तुम्हाला चालणार आहे का?" मग चिमट्याने एकेक खडा काढून स्टीलच्या वाटीत टाकायला लागल्या. तो टणटण आवाज पुण्याच्या रस्त्यांच्या दर्जाबद्दल बरंच काही सांगत होता. शेवटी दंडात धनुर्वाताचं इंजेक्शन.

जखमेचं पुढचं शास्त्र आपल्याकडे दोन पंथांत विभागलेलं आहे. पहिला पंथ हळद, कॉफी किंवा टूथपेस्ट भरणाऱ्यांचा. दुसरा, "उघडी ठेव, हवा लागू दे, खपली धरू दे" म्हणणाऱ्यांचा. याचे अनुयायी माझ्या सासरी आणि माहेरी दोन्हीकडे आहेत. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या, कोरड्या जखमेपेक्षा लवकर भरते. नवी कातडी टणक खपलीखालून वाट काढत बसण्यापेक्षा ओलाव्यात सरळ पसरते. या गोष्टीला साठ वर्षं उलटून गेली, पण डुकरांचं आमच्या घरात कोण ऐकतं! सिस्टरबाईंनी न चिकटणारी, तुपकट जाळीची पट्टी लावून दिली आणि जखम भरल्यावरही काही महिने त्या जागी ऊन लागू देऊ नका, डाग काळा पडेल, असं बजावलं. पुण्याच्या उन्हात दुचाकी चालवणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. आमच्याकडे हातमोजे कोपराच्या वरपर्यंत असतात. ते त्या दिवशी डिकीत होते, कारण पाऊस होता.

तुम्ही माझं जे हाड मोडलंत त्याला मोठी परंपरा आहे, हे ऐकून तुम्हाला अभिमान वाटेल. पडताना माणूस तळहात पुढे टेकतो, सगळा भार मनगटावर येतो, आणि मनगटाच्या जरा वर मोठं हाड मोडून मागे सरकतं. डब्लिनचे शल्यवैद्य अब्राहम कॉलीस यांनी १८१४ मध्ये या मोडीचं वर्णन करून ठेवलं. एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये. म्हणजे त्यांनी हे सगळं नुसत्या बोटांनी चाचपून ओळखलं. बाजूने पाहिलं तर हात उपड्या ठेवलेल्या जेवणाच्या काट्यासारखा दिसतो, असं डॉक्टरांच्या पुस्तकांत असतं. आमच्या घरात काटे नाहीत, त्यामुळे मला डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. हा हात पुढेमागे पूर्ण मोकळा होतो, दुखायचाही थांबतो, असा दिलासा कॉलीससाहेबांनी दिलेला आहे. पुढेमागे म्हणजे कधी, ते सांगायचं मात्र त्यांनी शिताफीने टाळलं. मी त्यांचे गुण कापले असते.

मोडलेल्या जागी सुईने भूल दिली. एका डॉक्टरने माझं कोपर धरून ठेवलं, दुसऱ्याने अंगठा आणि बोटं धरून ओढलं, दाबलं, वळवलं, आणि आतून एक कट्ट असा आवाज मी ऐकला, दुखला नाही, नुसता ऐकला. हाड जागेवर बसलं. बसलं नसतं तर तारा नाहीतर प्लेट. पहिल्या दिवशी अर्धंच प्लास्टर घालतात, कारण सूज वाढायची असते. ती उतरल्यावर पूर्ण. घरी पाठवताना डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला एक ताकीद दिली, तीही लिहून घ्या : प्लास्टरबाहेरची बोटं निळी किंवा पांढरी पडली, थंडगार लागली, बधिर झाली, किंवा ती नुसती सरळ केली तरी असह्य कळ येऊ लागली, तर सकाळची वाट बघायची नाही, गोळी घेऊन झोपायचं नाही, तडक यायचं. घट्ट बांधलेल्या हातात रक्त पोचलं नाही तर काही तासांत स्नायू मरतात.

अजून एक. तुम्ही पडलात आणि मनगट वाकडं दिसलं नाही, सूजही बेताची असली, तरी अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथे दाबून बघा. जुनी माणसं तपकीर ओढण्याआधी तिथे ठेवत. तिथे दुखलं तर आतलं होडीच्या आकाराचं लहान हाड मोडलेलं असू शकतं. ते पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. त्या हाडाचा रक्तपुरवठा असा अडचणीचा आहे, की दुर्लक्ष केलं तर एक तुकडा आतल्या आत मरतो. 'नुसतं मुरगळलंय' असं म्हणून सोडून देणाऱ्यांची ही खास शिक्षा आहे. तुमच्या स्वभावाकडे पाहता तुम्हाला ही होण्याची बरीच शक्यता वाटते, म्हणून सविस्तर लिहिलं.

प्लास्टर घातलं, की घरी सल्लागार मंडळ भरतं. आंबेहळद-रक्तबोळ उगाळून लावा म्हणणारे आले. प्लास्टरवर की आत, ते त्यांनी सांगितलं नाही. कांडवेलीची भाजी आली. तिचं दुसरं नाव हाडसांधी, त्यामुळे मी ती कृतज्ञतेने खाल्ली; चव काही कृतज्ञता वाटावी अशी नव्हती. डिंकाचे लाडू आले, ते मात्र कुणाच्याही बापाला न सांगता संपवले. आणि एक मेव्हणे आले, जे प्लास्टर कापून एका नामांकित हाडवैद्याकडे न्यायला गाडी घेऊनच आले होते. "तो दोन दिवसांत मोकळं करतो!" डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी शांतपणे सांगितलं, की ताज्या मोडीवर करकचून बांधलेल्या कामट्यांनी बोटं कायमची आखडलेले आणि कोपरावर जोरात मालिश करून स्नायूतच हाड तयार झालेले रुग्ण त्यांच्याकडे नेहमी येतात. मेव्हण्यांची आणि तुमची गाठ पडायला हवी. दोघांनाही पोचायची फार घाई आहे. हाड बिचारं यू-टर्नपर्यंत जाऊनच वळतं : आधी रक्ताची गाठ, मग मऊ सांधा, दीडेक महिन्यात तो जरा भरवशाचा होतो, आणि आतली घडण पुढे कित्येक महिने चालू राहते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं त्याहून सावकाश.

या दीड महिन्यात उजवा हात नसणं म्हणजे काय? तुम्हाला वाटेल, स्वयंपाक. स्वयंपाक नवऱ्याने केला, आणि तो कसा केला यावर विनोद करण्याइतकी मी कृतघ्न नाही. अडलं ते भलतीकडेच. ड्रेसची मागची चेन. वेणी. दाढेत अडकलेलं काढणं. टूथपेस्टचं झाकण, जे दातांनी उघडावं लागलं. प्लास्टिकची पिशवी बांधून अंघोळ, आणि आतल्या खाजेसाठी उदबत्तीची काडी घालायचा मोह. घातली असती तर आत जखम होऊन पिकली असती. रात्री हात उशीवर उंच ठेवायचा, कारण खाली लोंबला की ठणका सुरू. त्यामुळे कूस बदलायची नाही. सगळ्यांत मोठं काम तर प्लास्टरच्या बाहेरच होतं : बोटं. पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची, एकेक करून अंगठ्याला लावायची, दर तासाला, पहिल्या दिवसापासून. खांदाही वर न्यायचा. दुखतं म्हणून हे टाळलं, की मोडलेलं हाड जुळतं आणि न मोडलेली बोटं आणि खांदा धरून बसतात. ही दुसरी दुखापत तुम्ही दिलेली नसते; ती माणूस घरी बसल्या बसल्या स्वतः कमावतो.

रजा संपली तशी हात गळ्यात अडकवून शाळेत गेले. फळ्यावर वर्गमंत्री लिहायची. वह्या मी डाव्या हाताने तपासल्या, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "बाई, तुमचं अक्षर आता आमच्यासारखं झालं." सातवीच्या मुलींनी प्लास्टरवर स्केचपेनने 'लवकर बर्या व्हा' असं लिहिलं. त्यातला 'ऱ्या' चुकला होता. तो दुरुस्त करायचा हात नेमका आत होता. प्लास्टर निघेपर्यंत मी ती चूक गळ्यात घालून फिरले. मराठीच्या शिक्षिकेला याहून कडक शिक्षा शोधून काढणं अवघड आहे.

प्लास्टर कापलं तेव्हा मी पेढे आणून ठेवले होते. आतून जे निघालं ते पाहून कुणीच पेढ्याला हात लावला नाही. काडीसारखा पिवळट हात, कातडीचे पापुद्रे, आणि मनगट असं धरलेलं, की किल्ली फिरेना, नळ फिरेना. मला वाटलं होतं, प्लास्टर निघालं की झालं. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "आता सुरुवात." वितळलेल्या मेणात हात बुडवायचा, मग गरम हाताने व्यायाम : मनगट वर, खाली, आत, बाहेर, ओला नॅपकिन पिळायचा, हातोडी मधे धरून डावी-उजवीकडे झुकवायची. सगळ्यांत हट्टी निघाला तळहात वर करणं. कोपर कमरेला चिकटवून तळहात आकाशाकडे, एवढंच. होत नव्हतं. मला त्याचा पत्ता लागला तो गणपतीत. आरतीनंतर गुरुजी तीर्थ द्यायला आले, मी उजवा हात पुढे केला, आणि तो अर्ध्यावरच अडकला. तळहात तिरका राहिला, पळीतलं तीर्थ मनगटावरून कोपराकडे ओघळलं. गुरुजींनी पुन्हा घातलं, पुन्हा ओघळलं. ते म्हणाले, "डावा चालेल हो." शेजारची एक आजी पुटपुटली, "डाव्या हाताने तीर्थ!"

दुकानदाराकडून सुटे पैसे घेताना, मुलीच्या कपाळाला ताप आहे का बघून हात उलटा करताना, ताटाखाली हात घालून ते उचलताना, सगळीकडे हीच हालचाल लागते, हे मला तुमच्यामुळे कळलं. अजूनही ती पूर्ण आलेली नाही. पकडीची ताकद वर्षभर हळूहळू वाढत राहते, असं मॅडम म्हणतात. त्या कॉलीससाहेबांच्याच घराण्यातल्या असाव्यात.

आता थोडं व्यवहाराचं. तुम्ही का पळालात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. तुमच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा असणार. तो कायद्याने सक्तीचाच आहे. तुम्ही थांबला असतात तर माझ्या बिलाची भरपाई त्या विम्यातून मागता आली असती, तुमच्या खिशाला फारशी तोशीस पडली नसती. विमा नव्हता म्हणून पळाला असाल तर गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अपघातातल्या चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची असते आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं असतं. संतप्त जमावाचा धोका असेल तर मदतीसाठी थांबण्यातून सूट आहे. त्या दिवशीचा जमाव म्हणजे हातात कोथिंबीर घेतलेल्या मावशी आणि सॅकवाला मुलगा. उलट्या दिशेने गाडी चालवणं हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. आणि भारतीय न्याय संहितेत हाड मोडणं म्हणजे 'गंभीर दुखापत'. वर्तमानपत्राला काही म्हणू दे. बेदरकारपणे वागून ती केली तर कलम १२५ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तुम्ही सापडलाच नाहीत तर? त्याचीही सोय आहे. धडक देऊन पळालेल्यांच्या बळींसाठी १ एप्रिल २०२२ पासून केंद्राची योजना आहे : मृत्यू झाला तर २ लाख रुपये, गंभीर दुखापत झाली तर ५० हजार. म्हणजे तुम्ही पळू शकता हे सरकारने गृहीतच धरलेलं आहे. एवढा विश्वास फार थोड्या नागरिकांच्या वाट्याला येतो. मी अर्ज भरला आहे. डावीकडून उजवीकडे, उजव्या हाताने.

तक्रारही दिली आहे. हॉस्पिटलने पोलिसांना कळवल्याची नोंद, दोन्ही एक्स-रे आणि डिस्चार्जचा कागद पोलीस ठाण्यात जमा आहे. तुमच्या गाडीचा रंग आणि तुमचं वाक्य मी जबाबात जसंच्या तसं लिहून दिलं, 'काकू'सकट.

कळावे,
आपली,
सिंहगड रस्त्यावरची एक किरकोळ जखमी

ता. क. हे तुमच्यासाठी नाही, जर्नलवाल्या मुलासाठी आहे. बाळा, तू मला रिक्षात बसवलंस, हॉस्पिटलच्या दारापर्यंत आलास आणि "पोलिसांचं लफडं नको" म्हणून नाव न सांगता गेलास. गाडीचा नंबर तू पाहिला होतास, रिक्षात तू तो पुटपुटत होतास. मला तेव्हा काही लक्षात ठेवता आलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि मग मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ ने २०१९ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. जखमीला मदत केली म्हणून तुझ्यावर काहीही येऊ शकत नाही, नाव सांगायची सक्ती नाही, आणि साक्षीदार व्हायचं की नाही हे फक्त तू ठरवायचंस. ठरवलंस तर पोलीस ठाण्यात माझी तक्रार आहे, तेवढा नंबर सांगून ये. तुझं जर्नल माझ्याकडे आहे, सबमिशनच्या आधी घेऊन जा.